रक्त जपानी, आकडा सरकारी



गणपतीच्या दिवशी निशी-कसाईतल्या हॉलमध्ये मसालेभाताची पंगत उठली आणि आमच्या एका मित्रांनी खिशातून फोन काढून एक तक्ता दाखवला. देशोदेशी वंशागत रक्तस्रावाच्या विकारांचं, म्हणजे हिमोफिलिया आणि त्याच्या भावंडांचं, प्रमाण किती याचा तक्ता. कॅनडा-ब्रिटनचा आकडा मोठा, जपानचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि भारताचा तर नगण्य. मित्रांनी निष्कर्षही सोबतच वाढला : "बघा, जपान्यांचं रक्त किती शुद्ध! आणि आपलं तर त्याहूनही." हशा पिकला. रात्री तोच तक्ता मंडळाच्या ग्रुपवर आला, खाली ओळ होती की आपल्या पूर्वजांनी गोत्रं बघून लग्नं लावली ती उगाच नाही. सकाळपर्यंत त्याला चाळीस अंगठे मिळाले होते. त्या अंगठेबहाद्दरांत किमान दोन पीएचडी आणि एक बायोटेकवाले आहेत, हे मी नावं न घेता नमूद करतो.

गणपतीच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो. पण गप्प बसणं हाच आपल्या सुशिक्षितपणाचा एकमेव पुरावा होऊ लागला आहे, म्हणून हे पत्र.

आधी रोगाबद्दल थोडक्यात. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यांतलं आठव्या क्रमांकाचं (फॅक्टर ८) कमी असलं की हिमोफिलिया ए, नववं कमी असलं की बी. दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून मुलगे आजारी पडतात आणि विकार पुढे जातो तो बहुतेक आईकडून. साधं खरचटल्यानं माणूस मरत नाही, तो सिनेमातला समज. खरा त्रास आतला : गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साचतं, सांधे झिजतात, दहा वर्षांचं पोर कुबड्यांवर येतं. डोक्यात रक्तस्राव झाला तर जीव जातो. आणि साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात हा विकार आधी कधीच नसतो, जनुकात नव्यानं बदल झालेला असतो.

आता गोत्राचं बघू. गोत्र चालतं बापाकडून. हिमोफिलिया चालतो आईच्या एक्सवरून, आणि मुलगी तर लग्नात गोत्रच बदलते. म्हणजे ज्या वाटेनं हा रोग पुढे सरकतो ती वाट आपल्या गोत्रपद्धतीनं कधी पाहिलेलीच नाही! उलट ज्या विकारांना आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं (फॅक्टर ७, १०, १३ यांची कमतरता, ग्लांझमन) ते जवळच्या नात्यात लग्न झाल्यानं वाढतात. आणि मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत आजही मानाचं समजलं जातं. पूर्वजांच्या दूरदृष्टीबद्दल एवढंच.

मग आकडे वेगळे का? कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१९ मध्ये एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. कॅनडा, फ्रान्स, ब्रिटन यांसारख्या नोंदी नीट ठेवणाऱ्या देशांच्या नोंदवह्या घेऊन त्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. जन्माला येणाऱ्या लाख मुलग्यांमागे किती जणांना हिमोफिलिया असतो? उत्तर : ए २४.६, बी ५. आणि आज जिवंत असलेल्या लाख पुरुषांमागे किती जणांना? उत्तर : ए १७.१, बी ३.८.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २४.६ जन्मतात आणि १७.१ सापडतात. मधले साडेसात कुठे गेले? हिमोफिलिया बरा होत नाही, त्यामुळे 'बरे झाले' हे उत्तर नाही. ते गेले. आणि हा हिशेब श्रीमंत देशांचा आहे.

म्हणजे एखाद्या देशाचा आकडा जितका लहान, तितके तिथे निदान न झालेले आणि लवकर मेलेले जास्त. जनुकातला बदल पासपोर्ट बघून होत नाही. तक्त्यात भारत तळाला आहे म्हणून टाळ्या वाजवणं म्हणजे गावात शाळाच नाही, म्हणून आमच्याकडे नापासांचं प्रमाण शून्य, असं मिरवणं.

जपानचा आकडा काय आहे? इथे दरवर्षी देशभरातल्या रुग्णालयांकडून माहिती मागवून गणती होते. अलीकडच्या वर्षांत हिमोफिलिया एचे सुमारे साडेपाच हजार, बीचे सुमारे बाराशे आणि फॉन विलेब्रँड नावाच्या तिसऱ्या विकाराचे सुमारे दीड हजार रुग्ण नोंदले गेले आहेत. देशात सहा कोटी पुरुष आहेत. कॅनडावाल्यांच्या दरानं एचे दहा हजारांवर निघायला हवेत. निघतात निम्मे. सौम्य विकाराचा माणूस दात काढेपर्यंत किंवा ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्यात येत नाही. रुग्णालयांनी माहिती पाठवणं ऐच्छिक आहे, त्यामुळे काही निसटतात. हे झालं नेहमीचं स्पष्टीकरण. पण जपानमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा धागा गणती कोण करतं यातच आहे. आरोग्य मंत्रालयाच्या वतीनं ही गणती करते 'एड्स प्रतिबंधक प्रतिष्ठान' ही संस्था.

रक्त न गोठण्याच्या विकाराची शिरगणती एड्सवाल्यांकडे का? आपल्यातले पंधरा-पंधरा वर्षं इथे राहिलेले लोकसुद्धा हे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'शुद्ध रक्त' हा शब्द जपानमध्ये हसून सोडून देण्यासारखा नाही. १९४८ पासून १९९६ पर्यंत इथे 'सुप्रजनन संरक्षण कायदा' होता. 'निकृष्ट' संतती जन्माला येऊ नये हे त्याचं उद्दिष्ट कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं होतं, आणि ज्या वंशागत रोगांसाठी नसबंदी करता येत असे त्यांच्या यादीत हिमोफिलिया होता. या कायद्याखाली सुमारे २५ हजार माणसांची नसबंदी झाली, त्यांतल्या सुमारे साडेसोळा हजारांची त्यांच्या संमतीशिवाय. ३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य होता असा निकाल दिला. गेल्या शतकातली गोष्ट म्हणून विसरावी इतकी ती जुनी नाही.

१९८० मध्ये वातानाबे शोइची या नामवंत प्राध्यापक-समीक्षकानं एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकात लेख लिहिला. निमित्त होतं ओनिशी क्योजिन हे कादंबरीकार. त्यांचे दोन्ही मुलगे हिमोफिलियाचे रुग्ण, आणि उपचारांचा खर्च सरकार करत होतं. वातानाबेंचं म्हणणं असं की पहिल्या मुलाला रोग आहे हे कळल्यावर दुसरं मूल होऊ न देणं हे समाजाप्रती कर्तव्य होतं. ओनिशींनी सडेतोड उत्तर दिलं, रुग्ण आणि अपंगांच्या संघटना उभ्या राहिल्या, मोठं वादळ झालं. सांगायचं कारण इतकंच की 'देशात हे रोगी किती' हा प्रश्न निरागस नसतो. काहींना तो माणसं वाचवायला हवा असतो, काहींना खर्चाच्या बाजूला लिहायला.

त्याच सुमारास औषध आलं होतं. हजारो दात्यांचं रक्तद्रव्य एकत्र करून त्यातून फॅक्टरची पावडर काढायची, पाण्यात विरघळवून टोचून घ्यायची. फेब्रुवारी १९८३ पासून जपानच्या आरोग्य विम्यात ती घरी स्वतः टोचून घेण्यालाही मान्यता मिळाली. ज्या पोरांनी बालपण खाटेवर काढलं ती सायकली चालवायला लागली. पण पावडरीचा कच्चा माल बव्हंशी अमेरिकेतून येत होता, आणि तिथल्या रक्तद्रव्यात एचआयव्ही शिरलेला होता. उष्णता देऊन विषाणू मारलेलं फॅक्टर ८ अमेरिकेत मार्च १९८३ मध्ये मंजूर झालं. जपानमध्ये ते मंजूर झालं जुलै १९८५ मध्ये. दोन वर्षं चार महिने. या काळात जुनी, न तापवलेली पावडर टोचली जात राहिली, आणि नवी आल्यावरही जुनी बाजारातून वेळेवर उचलली गेली नाही.

ही सव्वादोन वर्षं कशात गेली? आणि इथे मोजण्याचा मुद्दा पुन्हा येतो. जून १९८३ मध्ये आरोग्य मंत्रालयानं एड्सबाबत एक अभ्यासगट नेमला, अध्यक्ष तेइक्यो विद्यापीठाचे आबे ताकेशी, हिमोफिलियाचे देशातले सर्वांत वजनदार डॉक्टर. त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक हिमोफिलियाचा रुग्ण त्या जुलैत एड्सच्या लक्षणांनी दगावला. अभ्यासगटानं चर्चा केली आणि ठरवलं की हा एड्स नव्हे. मार्च १९८५ मध्ये 'जपानचा पहिला एड्स रुग्ण' म्हणून जाहीर झाला तो अमेरिकेत राहणारा एक समलिंगी पुरुष. म्हणजे रोग परदेशातला, आणि तोही 'तसल्या' लोकांचा! तेइक्योचा रुग्ण एड्सचाच होता हे मान्य व्हायला त्यानंतर आणखी दोन महिने गेले. एक माणूस कुठल्या रकान्यात लिहायचा या निर्णयाची ही किंमत आहे. तो १९८३ मध्येच योग्य रकान्यात लिहिला गेला असता तर जुनी पावडर थांबवा असं म्हणणं भाग पडलं असतं.

सुमारे १,४०० हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्हीची लागण झाली. त्या वेळी देशात असे रुग्ण पाच हजारांच्या आसपास होते. त्यांतले सातशेहून अधिक आजवर गेले. अनेकांना वर्षानुवर्षं सांगितलंच गेलं नव्हतं. त्यांच्या बायकांनाही लागण झाली. आता तक्त्यातल्या जपानच्या ओळीकडे परत बघा आणि त्यात 'शुद्धता' दिसते का ते मला सांगा.

(जाता जाता : या व्यापारातली सर्वांत मोठी जपानी कंपनी 'मिदोरी जूजी', म्हणजे ग्रीन क्रॉस. संस्थापकांतले प्रमुख नाइतो र्योइची हे युद्धकाळात मंचुरियात माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ च्या जाळ्यातले लष्करी डॉक्टर. रक्ताच्या शुद्धतेवर बोलणाऱ्यांनी रक्ताच्या धंद्याचा इतिहासही वाचावा. २००० मध्ये या कंपनीच्या तीन माजी अध्यक्षांना ओसाकाच्या न्यायालयानं शिक्षा ठोठावली. डॉ. आबे मात्र २००१ मध्ये निर्दोष सुटले आणि २००५ मध्ये वारले. मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याची शिक्षा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली.)

सरकारनं त्या वेळी पहिली धाव घेतली ती कायद्याकडे. १९८९ मध्ये 'एड्स प्रतिबंधक कायदा' लागू झाला, ज्यात डॉक्टरांनी लागण झालेल्यांची माहिती सरकारला कळवायची होती. रुग्णसंघटनांनी जोरदार विरोध केला. औषधातून लागण झालेल्यांना त्या कळवण्यातून वगळलं गेलं, पण कायद्याची नजर कुठली होती ते लपलं नाही. आजाऱ्याला पोलिसी डोळ्यांनी मोजायचं. हा कायदा १९९९ मध्ये रद्द झाला. आपल्याकडचे काही मित्र मोजणी म्हटली की लगेच पाळत म्हणतात, त्यांचं मी इथवर ऐकतो. त्यांची भीती खरी आहे.

पण पुढचं ऐका. त्याच वर्षी, १९८९ मध्ये, मे महिन्यात ओसाकात आणि ऑक्टोबरात टोकियोत रुग्णांनी सरकारवर आणि पाच कंपन्यांवर दावे लावले. फिर्यादींची नावं जाहीर नव्हती. हिमोफिलिया आहे एवढं कळलं तरी शाळेत, कचेरीत, शेजारात लोक एड्सवाला म्हणून बघत, म्हणून माणसं स्वतःच्याच खटल्यात क्रमांक म्हणून उभी राहिली. मार्च १९९५ मध्ये कावादा र्युहेइ या १९ वर्षांच्या मुलानं स्वतःचं नाव आणि चेहरा जाहीर केला. त्या जुलैत सुमारे साडेतीन हजार लोकांनी हात धरून मंत्रालयाला वेढा दिला. जानेवारी १९९६ मध्ये कान नाओतो आरोग्यमंत्री झाले आणि 'सापडत नाहीत' असं वर्षानुवर्षं सांगितलेल्या फायली काही आठवड्यांत सापडल्या. फेब्रुवारीत मंत्र्यांनी रुग्णांची माफी मागितली, २९ मार्चला तडजोड झाली, दर रुग्णाला साडेचार कोटी येन. कावादा २००७ मध्ये वरिष्ठ सभागृहात निवडून गेले.

पैशापेक्षा महत्त्वाचं होतं ते पुढे आयुष्यभर उपचार मिळवण्याचं वचन. १९९७ मध्ये शिंजुकूच्या राष्ट्रीय वैद्यकीय केंद्रात एड्सचं खास उपचार केंद्र उघडलं. हिमोफिलियाच्या रुग्णाला विम्यात महिन्याला दहा हजार येनची मर्यादा आहे, आणि तीही बहुतेक सरकारी योजनेतून भरली जाते. लाखो येनचं औषध, पण रुग्णाच्या खिशातून जवळजवळ काही जात नाही. आणि वर सांगितलेली दरसालची गणती याच प्रकरणातून वाढलेली आहे. लागण किती जणांना झाली, जिवंत किती, यकृत कुणाचं बिघडलं, हे सरकारला विचारता यावं म्हणून ती आहे. कासुमिगासेकीला मंत्रालयाच्या आवारात १९९९ मध्ये बसवलेला एक दगड आहे, औषधांमुळे असे बळी पुन्हा पडू देणार नाही अशी शपथ त्यावर कोरलेली आहे. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहिला. पाच मिनिटं उभा होतो, तेवढ्यात शेजारून साठ-सत्तर कर्मचारी गेले, एकानंही मान वळवली नाही. जपानबद्दल भाबडं होण्याचं कारण नाही. जानेवारी २०१६ मध्ये, त्याच पाच प्रतिवाद्यांपैकी एका संस्थेवर, मंजुरीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं रक्तौषधं बनवून ते दशकानुदशकं लपवल्याबद्दल ११० दिवस उत्पादन-विक्री बंदीची कारवाई झाली.

जपानच्याच गणतीत आणखी एक भोक आहे आणि ते मला सर्वांत बोचतं. फॉन विलेब्रँड हा जगात सर्वांत जास्त आढळणारा वंशागत रक्तस्राव विकार समजला जातो. तो बायकांना आणि पुरुषांना सारखाच होतो. उपचारांची गरज पडेल असे रुग्ण अगदी हात राखून धरले तरी दहा हजारांत एक. साडेबारा कोटींच्या देशात बारा हजार निघाले पाहिजेत. नोंदलेत दीड हजार! हिमोफिलिया एपेक्षाही कमी. प्रयोगशाळा आहेत, विमा आहे, दर दहा मिनिटांवर दवाखाना आहे. मग? या विकाराचं मुलींमधलं पहिलं लक्षण म्हणजे पाळीत होणारा अति रक्तस्राव, आणि त्याबद्दल डॉक्टरकडे जाऊन बोलायचं नसतं. आईलाही तसंच व्हायचं, आजीलाही व्हायचं, म्हणजे 'आपल्या घरात असंच असतं'. खरंच असतं, वंशागत म्हणतात ते यालाच! हिमोफिलियाच्या 'वाहक' बायकांचंही तेच. फॅक्टर कमी असतो, बाळंतपणात रक्त थांबत नाही, पण पुस्तकात त्या 'वाहक'. टपाल वाहून नेणाऱ्या. आजारी नव्हेत.

आपल्याकडे तर विचारायलाच नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीनं केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे मुकादम, उचल, खाडे, खाजगी दवाखान्यांची हाव असं सगळं आहे, आणि ते या पत्राचा विषय नाही. पण जिथे अंगावरून जास्त जातं म्हटल्यावर पिशवी काढणं हाच पहिला उपाय ठरतो, तिथे हिचं रक्त नीट गोठतं का हे तपासण्याची पाळी येणार कधी?

आता भारताच्या त्या अभिमानास्पद आकड्याकडे. भारतात पुरुष सुमारे ७२ कोटी. कॅनडावाल्यांच्या जिवंत रुग्णांच्या दरानं हिमोफिलियाचे दोन्ही प्रकार मिळून दीड लाख निघतात. नोंदलेले आहेत पंचवीस हजारांच्या आसपास. सव्वा लाख पुरुषांचा फरक आहे हा. काही अजून बिननिदान आहेत. उरलेल्यांचं काय झालं ते मला एका उदाहरणापुरतं ठाऊक आहे.

माझा एक मावसभाऊ होता. कराडजवळच्या गावात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गुडघा सुजायचा, मावशी एरंडाचं पान बांधायची, वैद्य वात म्हणायचे. १९८७ च्या उन्हाळ्यात आंब्यावरून पडला. डोक्याला बाहेरून जखम नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. मृत्यूच्या दाखल्यावर 'पडून अपघात' लिहिलं. मावशीच्या सासूनं तिला आयुष्यभर ऐकवलं की तुझ्या माहेरचं रक्तच खराब. वीस वर्षांनी मावशीच्या मुलीच्या मुलाला निदान झालं तेव्हा आम्हाला कळलं की त्या घरात काय होतं. तो मावसभाऊ भारताच्या आकड्यात नाही. त्याच्या नसण्यानं भारताचा आकडा लहान आणि रक्त 'शुद्ध' झालेलं आहे.

काहीच झालं नाही असं म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. १९८३ मध्ये दिल्लीत अशोक बहादूर वर्मा या स्वतः रुग्ण असलेल्या माणसानं हिमोफिलिया फेडरेशन उभी केली, आणि देशात जी काही नोंद आहे ती मुख्यतः या रुग्णसंघटनेच्या कष्टाची आहे. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे निदानाचं आणि गर्भवतींच्या तपासणीचं मोलाचं काम झालं. महाराष्ट्र सरकारनं सातारा, नाशिक, अमरावती, ठाणे इथे दिवसभराच्या उपचारांची केंद्रं काढली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलिया आला. पण केंद्र असणं वेगळं आणि त्याच्या फ्रीजमध्ये फॅक्टर असणं वेगळं. माझ्या त्या भाच्याला दोनदा साठा संपलाय म्हणून परत पाठवलं गेलं. तिसऱ्यांदा त्याच्या बापानं गाडी करून पुणं गाठलं, रात्री दोन वाजता.

आणि यातली गंमत बघा. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच कातडीखाली टोचायचं, फॅक्टर ८ चं काम करणारं नवं औषध एमिसिझुमॅब, ते शोधलं जपानच्या चुगाई कंपनीनं. आपल्यातल्या काहींची कचेरी चुगाईच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल. २०१८ मध्ये ते जपानमध्ये मंजूर झालं. केरळ सरकारनं २०२४ मध्ये अठरा वर्षांखालच्या रुग्णांना ते मोफत देण्याचं ठरवलं. केरळचं रक्त आपल्याहून वेगळं आहे का? वेगळं आहे ते सरकारवर दबाव आणणारं लोकमत.

मला माहीत आहे, यावर एक उत्तर येणार : ज्या देशात टीबी आणि कुपोषण आहे तिथे लाखात वीस माणसांच्या रोगासाठी एवढा आटापिटा कशाला? हेच वाक्य १९८० मध्ये वातानाबेंनी जरा चांगल्या जपानीत लिहिलं होतं. शिवाय हा खर्च वेगळा नाहीच. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त गोठण्याची साधी चाचणी व्हावी, सुरक्षित रक्त मिळावं, बाईच्या तक्रारीची नोंद व्हावी, यातली कुठली गोष्ट फक्त हिमोफिलियासाठी लागते? बाळंतिणीलाही तीच लागते, अपघातात सापडलेल्यालाही तीच.

आणि पाळतीचं उत्तर जपाननंच दिलेलं आहे. १९८९ ची मोजणी सरकारला हवी होती, रुग्णांनी ती नाकारली. १९९६ नंतरची मोजणी रुग्णांनी लढून मिळवलेल्या उपचारांसोबत आली, म्हणून ती टिकली. नोंदवही कुणाच्या हातात आहे आणि नोंद केल्यावर काय मिळतं, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात दरवर्षी रक्तगट तपासून कार्डं वाटतात. (इथे ओळख झाल्याबरोबर रक्तगट विचारून स्वभाव सांगतात, तेव्हा कार्ड तेवढ्याला उपयोगी पडतं खरं. फुरुकावा नावाच्या शिक्षकानं १९२७ मध्ये काढलेलं ते खूळ अजून उतरलेलं नाही.) पुढच्या शिबिरात त्याऐवजी एक कागद ठेवू या का? दात काढल्यावर रक्त किती वेळ थांबलं नव्हतं? काही न लागता अंगावर निळे डाग येतात? पाळी सात दिवसांच्या पुढे जाते, दर तासाला पॅड बदलावा लागतो? आईला किंवा बहिणीला बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं? आपल्या सगळ्यांकडे आरोग्य विमा आहे, चाचणी त्यात बसते. मी कागद तयार करून पाठवतो, मंडळातल्या डॉक्टर ताईंनी तो तपासून द्यावा ही विनंती. आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात एक चक्कर मारून फ्रीजमध्ये फॅक्टर आहे की नाही तेवढं विचारून या. एनआरआयनं विचारलं की फाइल जरा लवकर हलते, हे आपल्याला पासपोर्ट कार्यालयात ठाऊक झालेलंच आहे.

तो तक्ता ज्यांनी पाठवला त्यांच्यावर माझा राग नाही, मसालेभात त्यांनीच केला होता आणि उत्तम झाला होता. फक्त पुन्हा पाठवाल तेव्हा त्यात आणखी एक रकाना घाला : त्या देशात हिमोफिलियाचा रुग्ण सरासरी किती वर्षं जगतो.